पट्ट्याचा रंग बदलण्याआधी आमचं ऐका: सोलापूरच्या सभागृहाला खुले पत्र

प्रति,
शहराच्या सभागृहातील सर्व सन्माननीय सदस्य
आणि नगररचनेचं काम पाहणारे अधिकारी,
सोलापूर

विषय: जुळे सोलापुरातील निवासी पट्टा वाणिज्य वापरासाठी देण्याच्या मागणीबाबत

सप्रेम नमस्कार.

जुळे सोलापुरातल्या आमच्या वसाहतीला लागून एक रस्ता जातो. त्या रस्त्याच्या एका कडेचा पट्टा विकास आराखड्यात निवासी म्हणून दाखवलेला आहे. तो वाणिज्य करून मिळावा अशी मागणी पुढे आली असून तिच्यावर विचार चालू असल्याचं आम्हा रहिवाशांना कळलं आहे. त्या पट्ट्यात लग्नसमारंभांसाठी भाड्यानं दिलं जाणारं एक लॉन्स आत्ताही चालतं. त्याला लागून व्यापारी संकुल उभं करायचा बेत आहे. शिवाय आमच्या ले-आउटमधल्या खुल्या जागेतून त्याच्या पार्किंगला वाट द्यावी, असंही बोललं जातं आहे. या मागणीला माझी हरकत आहे. ती रीतसर लेखी देणारच आहे. पण उद्या हा प्रश्न विजापूर रस्त्यावर, होटगी रस्त्यावर, सैफुलला, कुठल्याही वसाहतीच्या दाराशी येईल, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे.

मी सरकारी रुग्णालयातून निवृत्त झालेली परिचारिका. माहेर साखर पेठेतलं, वडील गिरणी कामगार. १८७७ साली इथं पहिली कापड गिरणी सुरू झाली आणि त्या भोंग्यांवर हे शहर वाढलं. पुढे गिरण्या एकेक करून बंद पडल्या. कामगारांच्या हाती जे काही आलं त्यातून काहींनी मुलींची लग्नं केली, काहींनी कर्ज फेडलं, काहींनी गावाबाहेर एखादा प्लॉट धरला. १९९२ च्या हद्दवाढीच्या आगेमागे दक्षिणेकडच्या माळावर गृहनिर्माण संस्थांनी ले-आउट पाडले, तेव्हा आम्हीही तिथं नाव घातलं. रस्ता नव्हता, ड्रेनेज नव्हतं, पाणी टँकरनं यायचं. तरी आलो. कारण कागदावर एक गोष्ट स्पष्ट लिहिलेली होती. बिनशेतीच्या आदेशात ‘निवासी प्रयोजनासाठी’ असं होतं आणि आराखड्याच्या नकाशात आमचा भाग पिवळा होता. पिवळा म्हणजे राहण्याची घरं, निळा म्हणजे व्यापार, एवढं आम्हाला संस्थेच्या सचिवांनी समजावून सांगितलं होतं. त्या पिवळ्या रंगाच्या भरवशावर प्रॉव्हिडंट फंडातून पैसे काढले, वीस वर्षं हप्ते फेडले. तो रंग आम्ही दिलेला नव्हता. शहरानं दिला होता. शहरानं दिलेला शब्द फिरवायचा असेल, तर ज्याला शब्द दिला त्याला समोर बसवून फिरवावा लागेल, एवढंच माझं मूळ म्हणणं आहे. बाकी सगळं त्याच्या पोटात येतं.

मी धंद्याच्या विरोधात आहे, असं कृपा करून समजू नका. सोलापूरच्या माणसाला घर आणि काम वेगळं असतं हे कुणी शिकवलेलंच नाही. आमच्या साखर पेठेतल्या बोळात खालच्या खोलीत माग आणि वरच्या खोलीत संसार, अशी घरं ओळीनं होती. कन्ना चौक, अशोक चौक, दाजी पेठ, भवानी पेठ, कुठेही जा, सोलापुरी चादर आणि टॉवेल अशाच घरांतून निघाले आणि भौगोलिक मानांकनापर्यंत पोचले. विडी कामगार बायका आजही पदरात सूप घेऊन घराच्या उंबऱ्यात बसतात. कुंभारीच्या गोदूताई वसाहतीत त्यांच्यासाठी दहा हजार घरं उभी राहिली, ती घरंसुद्धा काम करणाऱ्या बायकांचीच. मागाची खटखट ऐकतच मी दहावीचा अभ्यास केला. तिचा त्रास व्हायचा, पण तिच्याबद्दल तक्रार नव्हती, आणि त्याचं कारण मला पुष्कळ नंतर नीट उमगलं. ज्याचा माग होता तो त्याच घरात झोपत होता. त्याची म्हातारी आई तिथंच होती, त्याची पोरं तिथंच अभ्यास करत होती. आवाज फार झाला तर आधी त्याच्याच घरात झोपमोड व्हायची. शेजारी आजारी असला तर आमचे पद्मशाली शेजारी न सांगता माग बंद ठेवायचे. बोळात कुणाची अंत्ययात्रा निघाली की सगळे माग थांबायचे.

लॉन्सचा मालक आमच्या वसाहतीत राहत नाही. संकुल बांधू पाहणारेही इथं राहायला येणार नाहीत. रात्री कार्यक्रम संपला की ते शांत ठिकाणी आपल्या घरी जाणार आणि उरलेलं सगळं आमच्या दारात राहणार. घरगुती व्यवसाय आणि असा मोठा व्यापारी वापर, यांतला फरक मला इथं दिसतो. किराणा दुकान, शिंपी, दवाखाना, शिकवणी, ब्युटी पार्लर हे सगळं आमच्या गल्ल्यांत आहे आणि असावं. २०२० च्या डिसेंबरपासून मुंबई आणि काही अपवाद सोडून राज्यभर लागू झालेली एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावली निवासी भागात अशा वापराला मुभा देतेच. रस्ता किती रुंद आहे त्यावर काय चालेल आणि काय नाही, हेही तिच्यात ठरलेलं आहे. म्हणजे लहान उद्योगाला पट्ट्याचा रंग बदलून घ्यावा लागत नाही. ज्याला रस्त्याची रुंदी, पार्किंग, सामासिक अंतर (इमारतीभोवती मोकळी सोडायची जागा) या अटी जाचक वाटतात, त्यालाच तो बदलून हवा असतो. या मागणीमागचं कारण सभागृहानं नेमकं तेवढं विचारावं.

आणि घर व कारखाना एकत्र असण्यातला धोका आपल्या शहरानं अगदी अलीकडे पाहिला आहे. मे २०२५ मध्ये अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्याला आग लागली आणि आठ जण गेले. त्यांत कारखान्यातच राहणारं मालकाचं कुटुंब होतं, लहान बाळ होतं. त्या दुःखाचा वापर मला वादासाठी करायचा नाही. पण कुठला वापर कशाला चिकटून असावा आणि सुटकेची वाट कुठून असावी, हे प्रश्न जिवाचे आहेत, हे आपण सगळ्यांनी त्या दिवशी पाहिलं.

आता आमच्या तक्रारी सांगते.

सगळ्यात आधी आवाज, कारण त्याच्याबद्दल लोकांचा समज असा आहे की हा म्हाताऱ्यांचा चिडचिडेपणा आहे. ध्वनिप्रदूषणाचे केंद्राचे नियम २००० सालचे आहेत. त्यांत निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. वाणिज्य भागात ती दिवसा ६५ आणि रात्री ५५ आहे. रात्र म्हणजे दहा ते सहा. म्हणजे पट्टा निवासीचा वाणिज्य झाला की फक्त दुकानांना परवानगी मिळत नाही, कायद्यानं मान्य असलेला आवाजही दहा डेसिबलनं वाढतो. दहाचा आकडा लहान दिसतो. डेसिबलची मोजणी मात्र साध्या बेरजेची नाही. दहा डेसिबल वाढले म्हणजे ध्वनीची ऊर्जा दहापट झाली. आमच्या खिडक्या जिथं आहेत तिथंच राहणार, भिंती तेवढ्याच जाडीच्या राहणार, आणि रस्त्यापलीकडून येणारा दहापट ऊर्जेचा आवाज कायदेशीर ठरणार. आज आम्ही तक्रार करतो तेव्हा निदान नियम आमच्या बाजूनं असतो. उद्या तोही नसेल.

यात सोलापूरचा उन्हाळा धरा. एप्रिल-मे मध्ये पारा ४३-४४ च्या घरात जातो आणि नेमके लग्नाचे मुहूर्तही तेव्हाच असतात. भिंती रात्री बारापर्यंत तापलेल्या असतात. ज्यांच्याकडे एसी नाही ते खिडक्या उघड्या टाकून नाहीतर गच्चीवर झोपतात. खिडक्या लावून घ्या, हा सल्ला आम्हाला अनेकदा मिळाला आहे. मे महिन्यातल्या सोलापुरात तो पाळता येत नाही. डीजेचा ठोका सुरू झाला की खिडकीच्या काचा थरथरतात आणि स्टीलची भांडी मांडणीवर वाजतात. फोन केला की आवाज थोडा वेळ उतरतो, मग पुन्हा चढतो. मी आयुष्यभर रात्रपाळ्या केल्या आहेत. झोप मोडलेल्या माणसाचा रक्तदाब कसा वागतो, हृदयविकाराचा रुग्ण रात्री दचकून उठला की त्याची नाडी कशी धावते, हे मी वॉर्डात पाहिलं आहे. आमच्या वसाहतीत निम्म्याहून अधिक घरांत आता साठीच्या पुढची माणसं आहेत. मुलं पुण्याला, हैदराबादला गेली. मागे राहिलेल्यांच्या झोपेचा हा प्रश्न आहे.

दुसरी तक्रार रस्त्याची. लॉन्समध्ये मोठं लग्न असलं की गाड्या आतल्या पार्किंगमध्ये मावत नाहीत आणि आमच्या गल्ल्यांत दोन्ही बाजूंनी लागतात. मधून एक दुचाकी कशीबशी जाते. अशाच एका संध्याकाळी शेजारच्या काकांच्या छातीत दुखू लागलं. रुग्णवाहिका मुख्य रस्त्यापर्यंत लवकर आली. तिथून आमच्या गल्लीत तिला शिरताच येईना. गाड्यांचे मालक मांडवात, नंबर पुकारायचे म्हटलं तर डीजेपुढे कुणाला ऐकू जाणार? शेवटी प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून चार तरुण पोरांनी त्यांना उचलून बाहेर नेलं. काका वाचले. पण छातीत दुखणाऱ्या माणसाला असं हलवणं किती जोखमीचं असतं हे मी जाणते, आणि त्या वेळी खुर्चीला हात देऊन मीच चालत होते. जिथं रुग्णवाहिका अडते तिथं अग्निशमनचा बंब तर येऊच शकणार नाही. या रस्त्यावर आणखी एक संकुल आणायचं असेल, तर आधी लग्नाच्या संध्याकाळी इथं बंब आणून दाखवा.

पाण्याबद्दल फार लिहीत नाही, सोलापुरात ते कुणाला सांगायला नको. उजनीचं पाणी शंभरावर किलोमीटरवरून येतं आणि हद्दवाढ भागानं चार-चार, पाच-पाच दिवसांआड नळ पाहिलेले आहेत. मोठा व्यापारी वापर आला की त्याच्या बोअर खोल जातात आणि आमच्या आटतात. खरकटं, पत्रावळी, प्लास्टिकचे ग्लास यांचा ढीग सकाळपर्यंत पडून असतो आणि त्यावर कुत्र्यांच्या टोळ्या जमतात. पहाटे दूध आणायला निघणाऱ्या बायका हातात काठी घेऊन जातात.

खुल्या जागेबद्दल मात्र सविस्तर बोलायला हवं. ले-आउट मंजूर होताना जी खुली जागा सोडायला लावली, ती आमच्याच प्लॉटच्या क्षेत्रातून गेलेली आहे. तिची किंमत प्रत्येक सभासदानं भरलेली आहे. तिथं कडुलिंब आहेत, पोरं क्रिकेट खेळतात, संध्याकाळी बाया बाकावर टेकतात. तिच्यातून कुणाच्या खासगी पार्किंगला वाट जाऊ शकत नाही. बंगळुरूमध्ये उद्यानासाठी राखलेली जागा खासगी रुग्णालयासाठी देण्यात आली होती. परिसरातले रहिवासी न्यायालयात गेले आणि १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते वाटप रद्द ठरवलं. रुग्णालयासारख्या उपयोगी कामासाठीसुद्धा लोकांची खुली जागा देता आली नाही, आणि तिथल्या रहिवाशांना दाद मागण्याचा हक्क आहे हे त्या निकालानं मान्य केलं. आमच्याकडे तर प्रश्न चारचाकी लावण्याचा आहे.

आता समोरच्या बाजूचं म्हणणं. ते मी ऐकलं आहे आणि त्यातलं बरंचसं खरं आहे. तिजोरीला पैसा हवा. वाणिज्य मिळकतीचा कर जास्त येतो. तरुणांना इथं काम नाही म्हणून ती जातात, माझा मुलगाही पुण्यातच आहे, आणि त्यानं परत यावं असं मला दुसऱ्या कुणापेक्षा जास्त वाटतं. शहरानं वाढू नये असं मी कधीच म्हणणार नाही. होटगी रस्त्याच्या विमानतळासाठी साखर कारखान्याची चिमणी २०२३ मध्ये पाडली गेली तेव्हा शहर दोन बाजूंना वाटलं गेलं होतं. त्या वादात कोण बरोबर, यात मी शिरत नाही. पण विकासासाठी शहरानं केवढी मोठी किंमत मोजली आहे, हे त्यातून दिसतं. म्हणूनच विचारते, एक लॉन्स आणि एक संकुल यांतून किती पोरांना कायमचं काम मिळणार आहे? गाळे विकले जातील, वाढपी आणि सुरक्षारक्षक लग्नसराईपुरते येतील. पुण्याला गेलेली इंजिनिअर पोरं त्यासाठी परत येणार नाहीत. आणि कराची वाढ मोजताना रस्ता, ड्रेनेज, कचरा, पोलीस यांवर वाढणारा खर्चही त्याच कागदावर मांडला जावा. व्यापारासाठी आराखड्यात आधीच राखलेल्या जागा आहेत. त्यांतल्या किती वापरात आहेत, किती नुसत्या पडून आहेत, पालिकेच्या स्वतःच्या संकुलांत किती गाळे रिकामे आहेत, याचा हिशोब आधी समोर ठेवा. गिरण्यांच्या जागा शहराच्या मध्यात होत्या. त्यांचं काय करायचं हे शहरानं वेळेवर एकत्र बसून ठरवलं असतं, तर आज व्यापाराला वसाहतींच्या दाराशी जागा शोधावी लागली नसती. ही माझ्या वडिलांच्या पिढीची खंत आहे आणि ती माझीही आहे.

मला सगळ्यात जास्त काय खटकतं ते सांगते. या पट्ट्यात वापर आधी सुरू झाला आणि रंग बदलण्याची मागणी नंतर आली. आता असं सांगितलं जातं की वापर तर चालूच आहे, मग नकाशा त्याला जुळवून घेऊ. हे मान्य झालं तर नियम पाळणाऱ्यानं काय करायचं? महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ मध्ये विनापरवाना विकासाबद्दल नोटीस काढण्याची तरतूद कलम ५३ मध्ये आहे, चालू काम थांबवण्याची कलम ५४ मध्ये आहे. ती कलमं सगळ्यांसाठी आहेत. हद्दवाढ भागात गुंठेवारीतला माणूस दोन खोल्यांच्या परवान्यासाठी कागद गोळा करता करता थकतो. त्याला जो नियम लावता तोच इथंही लावा. त्याहून जास्त कडक व्हा असं मी म्हणत नाही.

आणखी एक. रंग हा जमिनीचा असतो, माणसाचा नसतो. आजचे मालक सज्जन असतील, तोंडी शब्द देत असतील की रात्री दहानंतर आवाज करणार नाही, वर फक्त कार्यालयं काढू. उद्या ती जागा विकली जाईल. नव्या मालकाला तो शब्द लागू होणार नाही, त्याला वाणिज्य वापराचे सगळे हक्क मिळतील. आणि निवासीचं वाणिज्य झालेला पट्टा पुन्हा निवासी झाल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

आता प्रक्रियेबद्दल. मंजूर आराखड्यात फेरबदल करायचा तर त्याच अधिनियमाचं कलम ३७ आहे. राजपत्रात आणि इतर मार्गांनी नोटीस प्रसिद्ध करायची, हरकती-सूचनांसाठी महिन्याची मुदत द्यायची, ज्यांच्यावर परिणाम होणार त्यांना नोटीस बजावायची, त्यांची सुनावणी घ्यायची आणि मग प्रस्ताव राज्य शासनाकडे पाठवायचा. कायदा चांगला आहे. अडचण नोटिशीच्या भाषेत असते. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक अक्षरांत सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर, चौरस मीटर छापून येतात. आपलं घर कुठल्या सर्व्हे नंबरात आहे हे शंभरातल्या पाच जणांनाही सांगता येणार नाही, लोक प्लॉट नंबर आणि चौक ओळखतात. मुदत संपते तेव्हा हरकती नसतात, आणि हरकती आल्या नाहीत म्हणजे लोकांना मान्य आहे असा अर्थ निघतो. हे शहर मराठी बोलतं, तेलुगू बोलतं, कन्नड बोलतं, उर्दू बोलतं. माझ्या शेजारच्या आजींना तेलुगूशिवाय वाचता येत नाही आणि त्या नियमित घरपट्टी भरतात. त्यांच्यापर्यंत ती नोटीस पोचावी हा त्यांचा हक्क आहे.

माहितीचा अधिकार २००५ मध्ये आला. त्याच्या कलम ४ मध्ये अर्ज न करताही जनतेला द्यायच्या गोष्टी सांगितल्या आहेत. लोकांवर परिणाम करणारे महत्त्वाचे निर्णय जाहीर करताना त्यासंबंधीची सर्व तथ्यं प्रसिद्ध करायची, आणि ज्यांच्यावर परिणाम होतो त्यांना निर्णयाची कारणं द्यायची. इतकं कायद्यात आधीच आहे. मी नवीन काही मागत नाही.

सन्माननीय सदस्यहो, मार्च २०२२ पासून जवळजवळ चार वर्षं या शहराला नगरसेवक नव्हते. वॉर्डातली तक्रार कुणाला सांगायची हे कळत नव्हतं. जानेवारी २०२६ मध्ये मतदान झालं आणि आपण निवडून आलात. आमच्या गल्लीत मत मागायला आलेल्या प्रत्येकाला आम्ही पाणी दिलं, बसायला खुर्ची दिली आणि या लॉन्सबद्दल सांगितलं. सगळ्यांनी ऐकून घेतलं होतं. ७४ व्या घटनादुरुस्तीनं जी बारावी अनुसूची आली तिच्यातला पहिलाच विषय नगर नियोजन आहे आणि दुसरा जमिनीच्या वापराचं नियमन. म्हणजे पाणी आणि गटारीच्याही आधी हे काम लिहिलेलं आहे. ते आपल्याकडे आलं आहे. १८५२ पासून नगरपालिका आणि १९६४ पासून महानगरपालिका असलेल्या शहराच्या सभागृहात या विषयावर मोकळी, पूर्ण चर्चा व्हावी, ही अपेक्षा जास्त नाही.

माझ्या मागण्या अशा.

हा विषय ऐनवेळचा विषय म्हणून सभेपुढे आणू नये. तो विषयपत्रिकेवर आधी छापला जावा, त्याच्यासोबत नकाशा आणि नगररचना विभागाचा अभिप्राय असावा आणि ते सगळं संकेतस्थळावर मराठीत वाचायला मिळावं. चर्चेनंतर मतदान हात वर करून व्हावं आणि कोणी कुठं मत दिलं हे इतिवृत्तात लिहिलं जावं.

प्रस्तावित पट्ट्यावर मोठा फलक लावावा. त्यावर चौकाच्या, रस्त्याच्या नावानं जागा ओळखता यावी, आता काय आहे आणि काय होणार आहे हे साध्या शब्दांत असावं, हरकत कुठं आणि कधीपर्यंत द्यायची ते असावं. मराठीसोबत तेलुगू, कन्नड आणि उर्दूतही.

लागून असलेल्या प्रत्येक घराला नोटीस हातात मिळावी. सुनावणी वसाहतीजवळच्या शाळेत किंवा समाजमंदिरात, संध्याकाळी किंवा रविवारी घ्यावी. कामावर जाणारी माणसं आणि चालता न येणारी माणसं कचेरीत सकाळी अकराला येऊ शकत नाहीत. आणि प्रत्येक हरकतीला मान्य किंवा अमान्य एवढंच न लिहिता कारण लिहून द्यावं.

निर्णयाआधी लग्नसराईतल्या एका रात्री आवाजाची मोजणी, वाहनांची मोजणी आणि अग्निशमन दलाची पाहणी करून घ्यावी. ती कधी होणार आहे हे लॉन्सला आधी कळवू नये. निष्कर्ष जाहीर करावेत.

तोपर्यंत सध्या जो वापर चालू आहे त्याला कुठला परवाना आहे, कुठल्या अटी आहेत आणि त्या पाळल्या जातात का, हे तपासून सांगावं. अटी मोडल्या असतील तर कायद्याप्रमाणे कारवाई व्हावी आणि ती पूर्ण होईपर्यंत रंग बदलण्याच्या मागणीवर विचार होऊ नये.

खुल्या जागेतून कुणालाही वाट देऊ नये. या मागणीत मला चर्चेला जागा दिसत नाही.

आणि हे सगळं होऊनही व्यापारासाठी या भागात जागा हवीच असं सभागृहाला वाटलं, तर त्यावर बोलायची आमची तयारी आहे. रुंद मुख्य रस्त्यावर तोंड असलेली, वसाहतीच्या गल्लीत दार नसलेली, रात्री दहाला बंद होणारी, स्वतःच्या हद्दीत पार्किंग असलेली दुकानं आम्हालाही उपयोगी आहेत. औषधाचं चांगलं दुकान, बँक, वाचनालय यांची आम्हाला खरोखर गरज आहे. ते ठरवताना आमच्या वसाहतींतली दोन-तीन माणसं टेबलाला बसवा.

या पत्राची प्रत आवक-जावक विभागात देऊन पोच घेत आहे. सोबत आमच्या गल्ल्यांचा हातानं काढलेला नकाशा जोडला आहे. त्यात रुग्णवाहिका अडली ती जागा, खुली जागा आणि अंथरुणाला खिळलेली माणसं असलेली घरं खुणा करून दाखवली आहेत. सुनावणीची तारीख ठरली की कळवावी. आम्ही वेळेआधी येऊन बसू.

आपली नम्र,
जुळे सोलापुरातील एक रहिवासी आणि मतदार